पायगुण कुणाचा

शेवटी आईनं अख्ख्या घराची लाईट काढून कमरेला खोचली.

असं काही झालेलं नाही. आमच्या घरात कुणालाही विचारा. बाबा सांगतील, कूलर जुना झाला होता म्हणून बदलला. द्वारकाआत्या सांगेल, त्या वर्षी ऊन फार होतं. आई विचारणाऱ्याला आधी पोहे खायला घालेल, आणि पोहे संपेपर्यंत आपण काय विचारलं होतं हेच तो विसरेल. तेव्हा मीही ते झालंच नाही असं धरून चालतो आणि शनिवारी दुपारी साडेबारापासून सुरू करतो.

शनिवारी दुपारी साडेबाराला लाईट गेली.

"गेली," गॅलरीतून बाबा म्हणाले.

"गेली," स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

"गेली का?" आत्यानं विचारलं. ती दिवाणावर पंख्याच्या बरोबर खाली आडवी होती आणि थांबत चाललेल्या पंख्याकडेच बघत होती.

मी उठून दारातून डोकावलो. समोरच्या घरातली पाण्याची मोटर घरघरत होती.

"शेजारी आहे का?" बाबांनी विचारलं.

"आहे."

मे महिन्यात अकोल्यात लाईट जाणं हे दुःख आहे. फक्त आपलीच जाणं हा अपमान आहे.

दाराच्या मागे, मीटरच्या बोर्डावर एक पांढरी डब्बी होती. दोन वर्षांपूर्वी घरमालकानं बसवलेली. तिला चार इंग्रजी अक्षरांचं नाव होतं, पण घरात तिला डब्बीच म्हणायचे. तिचा खटका पडला की घरातलं सगळं एकदम बंद, आणि खटका वर केला की सगळं पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. दोन वर्षांत हा खटका एकदाही पडला नव्हता. ताई बाळंत होऊन दवाखान्यातून घरी आली त्या दिवसापासून नऊ दिवसांत तो तीसेक वेळा पडला होता.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला होतो. म्हणजे डिप्लोमा पुढे गेला होता, मी होतो तिथेच होतो. बाबा मला इंजिनिअरसाहेब म्हणायचे, आणि ते म्हणताना त्यांच्या आवाजात आदर नसायचा.

"सांगा इंजिनिअरसाहेब," खटका वर करून ते म्हणाले, "एखादं यंत्र बिघडलं असन तं ते बंद पडाव. मिक्सर खराब असन तं मिक्सर मरन. पंख्यानं कायले मराव?"

"डब्बी एकच आहे, बाबा. तिला मिक्सर कोण अन् पंखा कोण ते कळत नाही. कुठूनही गळती झाली की ती सगळ्यांनाच बंद करते."

"म्हनजे एकानं शिट्टी मारली का अख्ख्या वर्गाले छड्या."

"तसंच."

"मंग ते डब्बी माठ आहे," बाबा म्हणाले आणि हात झटकत गॅलरीत गेले.

बाबांना माठ म्हणायचा अधिकार होता. ते शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परिचर होते आणि कुठलीही गोष्ट प्रयोगानं सिद्ध झाल्याशिवाय मानत नसत. डब्बी पडायला लागल्यावर त्यांनी पद्धतशीर तपास सुरू केला होता. एकेक यंत्र चालू करायचं, खटका पडतो का बघायचं, पडला की ते यंत्र दोषी. फक्त कूलर तपासात धरायचा नाही. कूलर बाळाच्या खोलीच्या खिडकीत होता, बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं, बाळ अकरा दिवसांचं होतं. शिवाय तो कूलर बाबांनी स्वतः बनवला होता. टिनाचा डबा एकाकडून, मोटर दुसऱ्याकडून, पंप तिसऱ्याकडून. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. पाणीसुद्धा दिवसातून चार वेळा तेच भरायचे.

"कूलर सोडून" या अटीला घरात कुणीच हरकत घेतली नाही. मीही नाही. मी त्याच्या समोर झोपायचो.

त्यामुळे सोमवारी मिक्सर दोषी ठरला आणि दिवाणाखाली गेला. मंगळवारी इस्त्री. बुधवारी ताईचं बाटल्या उकळायचं यंत्र, जे तोवर खोक्यातून बाहेरही आलेलं नव्हतं. पण त्याच्याकडे बघत असताना खटका पडला होता. गुरुवारी टीव्ही, शुक्रवारी फ्रिज. शनिवारी दुपारी घरात दोन पंखे, कूलर आणि आत्या एवढंच चालू होतं. तरीही खटका पडला, तेव्हा बाबांनी निकाल दिला.

"डब्बीच खराब आहे."

आत्या लग्नपत्रिकेनं वारा घेत होती. ती बाबांची मोठी बहीण. बारशासाठी मूर्तिजापूरहून आली होती आणि आल्यापासून आडवी होती.

"डब्बीचं काय घेऊन बसला मनोहर," ती म्हणाली. "दोन वर्सं पडली का? नाही पडली. पोट्टी उंबऱ्यात आली अन् पडाले लागली. पायगुण असते एकेकाचा."

"अकरा दिवसांची आहे ती, आत्या," मी म्हणालो. "आपल्याला पाय आहेत हेच तिला अजून माहीत नाही."

"तुले काय समजते त्यातलं."

आतल्या खोलीचं दार उघडलं. ताई बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. अकरा दिवसांत ती मिळून दोन तास झोपली असेल. तिच्या डोळ्यांखाली कुणीतरी काजळ उलटं लावल्यासारखं दिसत होतं.

"आत्या, तुम्ही हे अमरावतीला फोनवर सांगितलं का?"

"मी कायले सांगू व. तुया सासूनंच इचारलं, घरी सारं बरं आहे का. मी म्हनलं, सारं बरं आहे, निरा लाईट तेवढी जाऊन राहिली. पोट्टी आल्यापासून."

"मग काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही. म्हने, आमच्याकडं तं जात नाही."

ताई दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली. ती रडली नाही. रडायला जरा ताकद लागते.

"बाबा," ती म्हणाली, "उद्या हिला पाळण्यात घालताना त्या बायकांसमोर पंखा बंद पडला ना, तर झालं. पुढे कुणाची म्हैस मेली, कुणाची बदली झाली, पाऊस नाही आला, तरी हिचंच नाव निघन. जन्मभर. असं नाव घेऊन मी हिला सासरी नेणार नाही. एकतर लाईट नीट करा, नाहीतर बारसं रद्द करा."

बाबांनी बाळाकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं, बोटं दोनतीनदा उघडमीट केली, आणि उकंडरावला फोन लावला.

उकंडराव आमच्या भागातले वायरमन. दोन वाजता आले, डोक्याला ओला रुमाल बांधून. डब्बीकडे त्यांनी ओळखीचा चोर दिसावा तसं पाहिलं.

"असल्या डब्ब्या म्या पन्नास काढल्या असन, सर. जराशी धूळ बसली का पडतात. डायरेक्ट करून देतो. मंग पाह्यजा, खटका नाही अन् कटकट नाही."

"करा डायरेक्ट," बाबा म्हणाले.

"काका, डायरेक्ट नका करू," मी म्हणालो. "ती कशासाठी तरी पडत असन."

"कशासाठी?" बाबांनी विचारलं.

"कुठंतरी गळती आहे."

"कुठं?"

"ते माहीत नाही."

"परवा तूच सांगितलं होतं का वायरीले दुपारची झोप लागते."

हे खरं होतं. आत्यानं लाईट का जाते म्हणून सतराव्यांदा विचारलं, तेव्हा मी तसं सांगितलं होतं, आणि आत्या सलग दोन दिवस एक ते चार घरातले कूलर सोडून सगळे प्लग काढून ठेवत होती. ते सहन करणारं घर आता माझं काही ऐकून घेणार नव्हतं, आणि त्यात घराची चूक नव्हती.

उकंडरावांनी मेन बंद केला, चिनीमातीचा फ्यूज उपसून स्टुलावर ठेवला आणि पेचकस शोधायला पिशवीत हात घातला.

तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पदराला पुसत माझ्यासमोर उभी राहिली.

"चेतन, मले सांग. हसू नको."

"मी हसत नाही. माझा चेहरा तसा आहे."

"डब्बी कायले पडते?"

मी जरा विचार केला. हाच प्रश्न सहा मार्कांना येतो, आणि मी तो दोनदा सोडून आलो होतो.

"तू हळदीकुंकवासाठी गल्लीत सहा वाट्या वापरायला दिल्या. किती परत यायला पाहिजेत?"

"सहा."

"अन् पाच आल्या तर?"

"पाचच आल्या होत्या. चार वर्सांमांग."

"मग तू काय केलं?"

"गल्लीले भांडं देनं बंद केलं."

"जिनं नेली तिलाच?"

"कोनं नेली ते कुठं मालूम होतं. सगळ्याइले बंद."

"बस. डब्बी तेच करते. तिच्यातून करंट घरात जातो अन् फिरून तिच्याकडेच येतो. गेला तेवढा आला, तर ठीक. थोडा जरी कमी आला, तर ती सगळ्यांचं बंद करते. कोणी ठेवून घेतला ते तिला नाही माहीत."

आईनं डब्बीकडे पाहिलं. तिच्याकडे पाहण्याची आईची नजर मी पहिल्यांदाच बदललेली बघितली. एका गल्लीतल्या दोन बायका एकमेकींना ओळखतात तसं काहीतरी.

"अन् जे कमी येते, ते जाते कुठं?"

"जमिनीत."

"असाच जाते का?"

"नाही. कशातून तरी. किंवा कोणातून तरी."

हे मी पाठ केलेलं वाक्य म्हणावं तसं म्हणालो, आणि म्हणून झाल्यावर मला त्याचा अर्थ कळला.

आईनं स्टुलावरचा फ्यूज उचलला. पदरानं पुसला. आणि पैशांचा बटवा खोचावा तसा कमरेला खोचला.

"वहिनी," उकंडराव म्हणाले, "तो फ्यूज."

"सहावी वाटी कोनाकडं आहे ते समजल्याबिगर नाही भेटनार."

"अवं, पोरगी आत भाजून राहिली," बाबा म्हणाले.

"अर्धा तास भाजली तं काही होत नाही."

"अर्धा तास चालन," आतून ताई म्हणाली. ती बाळाला ओल्या फडक्यानं पुसत होती.

पंखे मेन बंद झाला तेव्हाच थांबले होते. घर असं गप्प झालं की आत्याच्या लग्नपत्रिकेचा आवाज येऊ लागला. आई जमिनीवर बसली आणि तिनं तपास स्वतःच्या हातात घेतला. तिची पद्धत बाबांच्या उलटी होती. तिनं यंत्रांना काही विचारलंच नाही.

"आज साडेबाराले लाईट गेली. तवा कोन काय करत होतं? मी भाकरी थापत होती."

"मी बाळाला घेत होते," ताई म्हणाली.

"मी पडली होती," आत्या म्हणाली.

"मीपण," मी म्हणालो.

"पानी भरत होतो," बाबा म्हणाले.

"काल चारले गेली. तवा?"

आई कपडे घडी करत होती. ताईचा डोळा लागला होता. आत्या पडली होती. मीपण.

"पानी भरत होतो," बाबा म्हणाले.

"काल सकाळी सातले?"

आता सगळे बाबांकडे बघत होते.

"पानी," ते शेवटी म्हणाले.

आईची नजर बाबांच्या चेहऱ्यावरून सावकाश खाली गेली आणि पायांवर थांबली. बाबांचे पाय अनवाणी होते, आणि गॅलरीतल्या पाण्यानं घोट्यापर्यंत ओले.

"पहिले तुम्ही रबरी चपला घालून भरत होते."

"तूच बंद केल्या. लेकरू आलं, घरात चपला नको म्हनलं."

"हो," आई म्हणाली. मग त्यांच्या हाताकडे बघत, "हाताले काही लागत नाही का?"

"काय लागन?"

"मी इचारून राहिली."

बाबांनी उजव्या हाताची बोटं पुन्हा उघडमीट केली. मला एकदम आठवलं की नऊ दिवस ते हेच करत होते.

"झिणझिण्या येतात," ते म्हणाले.

"कवापासून?"

"एप्रिलपासून. पंप दुरुस्त केला त्याच्यानंतर. तवाच तो रिपोर्ट आला होता ना शुगरचा. डॉक्टर म्हने, हातापायाले झिणझिण्या आल्या तं लगेच सांगजा. मले वाटलं, आल्या."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"पोरगी बाळंत व्हायची होती. म्हनलं, बारसं होऊन जाऊ द्या."

"अन् खटका पडते तवा?"

"तवा जरा जास्त येतात," बाबा म्हणाले. "थेट खांद्यापर्यंत."

नऊ दिवस आमच्या घरात असं चाललं होतं की बाबा कूलरला हात लावायचे, खांद्यापर्यंत झटका बसायचा, हा आपला साखरेचा आजार वाढत चालला असं मनाशी नोंदवायचे, आणि मग "गेली" म्हणून ओरडायचे. नेहमी तेच सगळ्यांत आधी ओरडायचे. आम्हाला वाटायचं, त्यांचं लक्ष असतं.

उकंडराव गॅलरीत गेले. मी मागे गेलो. घरात लाईट नव्हतीच, तरी त्यांनी आधी कूलरचा प्लग काढला आणि हातात धरून बघितला. त्याला तीन पिना असायला हव्या होत्या, दोनच होत्या. तिसरी कापलेली होती.

"खिडकीतला बोर्ड दोन भोकांचा आहे," मागून बाबा म्हणाले. "बसत नव्हती."

उकंडरावांनी कूलरच्या टाकीत हात घालून पंप वर काढला. पंपाच्या वायरला एका जागी जोड होता, आणि त्या जोडाला जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती भिजून लिबलिबीत झाली होती. आत तांबं चमकत होतं.

"पाण्यानं निघत नाही असं लिहिलं होतं पाकिटावर," बाबा म्हणाले.

"निघाली नाही, सर," उकंडराव म्हणाले. "बरोबर लिहिलं होतं."

ते तिथेच ओल्या फरशीवर उकिडवे बसले. डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी तोंड पुसलं.

"म्या आता डायरेक्ट केली असती ना," ते हळू म्हणाले, "तं उद्याचं बारसं अन् तेरवीचं जेवन एकाच मांडवात झालं असतं. डब्बी होती म्हनून खांद्यापर्यंतच आलं."

त्यांनी पेचकस पिशवीत टाकला. आईनं चहा विचारला, तो त्यांनी नको म्हटला. उकंडरावांनी चहाला नाही म्हटल्याचं गल्लीत कुणाला आठवत नव्हतं. ते जाऊन नवी वायर, तीन पिनांचा प्लग आणि तीन भोकांचा बोर्ड घेऊन आले, जमिनीतून येणारी तिसरी तार जोडली, आणि डब्बीवरची धूळ रुमालानं पुसून दिली. नऊ दिवस घरातली एकच वस्तू आपलं काम बिनचूक करत होती, आणि तिला काढून टाकायला आम्ही माणूस बोलावला होता.

आईनं फ्यूज दिला तेव्हा साडेचार वाजले होते. पंखे सुरू झाले. बाबा दिवाणाच्या कडेला बसले होते. ताईनं येऊन बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि आत्याकडे वळली.

"आत्या, पायगुण कुणाचा निघाला?"

आत्यानं बाबांचे पाय नीट न्याहाळले. मग पत्रिका खाली ठेवली.

"पोट्टी आली म्हनून चपला सुटल्या ना?" ती म्हणाली. "म्हनजे झालंच की."

"बाई," बाबा म्हणाले, "चपला सुटल्या म्हनून डब्बी पडली. डब्बी पडली म्हनून तं समजलं. नाहीतर पावसाळ्यापर्यंत मी चपला घालून झिणझिण्या मोजत बसलो असतो, अन् एक दिवस चप्पल भिजली असती. तिच्याच पायगुणानं मी जिता आहे."

"ते मले नको शिकवू," आत्या म्हणाली आणि आडवी झाली.

रविवारी बारसं झालं. बरोबर पाळण्याच्या वेळेला लाईट गेली. मी दाराकडे धावलो. खटका वरच होता. बाहेर आलो तर समोरची मोटर बंद, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी बंद, सगळं बंद. ताईच्या सासूबाईंनी विचारलं, "इकडे नेहमीच जाते का?" आणि बाबा अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सगळ्याइची गेली." इतक्या अभिमानानं ते माझ्याबद्दल कधी काही बोलले नव्हते.

मुलीचं नाव आर्वी ठेवलं. आत्या म्हणाली, "हे काय नाव आहे? आर्वीले तं एसटी थांबते."

याला नऊ वर्षं झाली. आर्वी चौथीत आहे. गेल्या महिन्यात मूर्तिजापूरला एका लग्नात जेवणं चालू असताना जनरेटर बंद पडला. आत्या अंधाऱ्या मांडवात आठदहा बायकांमध्ये बसली होती. "हे पोट्टी आली होती ना आमच्या मनोहरच्या घरी, तवाही असंच," तिनं सुरू केलं. आर्वी तिच्या मागेच उभी होती, ताटात जिलबी घेऊन.

परतीच्या गाडीत तिनं मला विचारलं, "मामा, माझ्यामुळे लाईट गेली होती?"

मी तिला सगळं सांगितलं. वाट्या, चपला, चिकटपट्टी, सगळं. तिला डब्बी माझ्यापेक्षा लवकर समजली. ऐकून घेऊन ती म्हणाली, "मग आत्याआजी असं का सांगते?"

म्हणून घरी आल्यावर मी अर्ज लिहिला. तो असा:

प्रति, श्रीमती द्वारकाबाई, मुक्काम मूर्तिजापूर. विषय: पायगुण वर्ग करण्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, कुमारी आर्वी हिच्या नावे आपण गेली नऊ वर्षे चढवून ठेवलेला पायगुण सदर मुलीच्या नावावरून कमी करण्यात यावा व तो श्री. मनोहर गावंडे यांचे दोन अनवाणी पाय व एक चिकटपट्टी यांच्या नावे समान हिश्श्याने वर्ग करण्यात यावा. आणि आजवर ज्या ज्या लग्नकार्यात आपण ही हकीकत सांगितली, त्या त्या मांडवातील उपस्थितांस, त्यांतील मयतांचे वारस धरून, झालेला बदल आपण स्वतः, बसून, तोंडी कळवावा, ही नम्र विनंती.